सांगली-मिरजेत गाडी कमी वापरायला लावायची तर स्वयंसेवकांनी नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: विश्रामबाग भागातले बारा-तेरा जण एकत्र आले आहेत. त्यांत निवृत्त शिक्षक, कॉलेजची मुलं आणि दोन डॉक्टर आहेत. २२ सप्टेंबरच्या कार-फ्री डेला सायकल रॅली काढली, टी-शर्ट वाटले, पेपरात फोटो आला आणि दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा गाडीवर. आता पुढे काय करायचं?

रॅलीचा नाद तूर्त सोडा आणि एक फेरी निवडा. फेरी म्हणजे एका कामासाठीची ये-जा: मुलीचा संध्याकाळचा क्लास, सकाळची भाजी, मिरजेच्या दवाखान्यातली ड्युटी. ‘लोकांनी गाडी सोडावी’ हे काम बारा माणसांच्या आवाक्यातलं नाही. ‘या चार गल्ल्यांतली आठवी ते दहावीची मुलं क्लासला स्कूटरऐवजी सायकलने जावीत’ हे आहे. आणि ते झालं की नाही, हे मोजताही येतं.

शब्दांचाही थोडा विचार करा. ‘कार-मुक्त’ म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला वाटतं, हे मोटारवाल्यांबद्दल चाललंय, माझं काय त्यात. हरभट रोडवर किंवा मारुती चौकात दहा मिनिटं उभं राहिलं तर खरी गर्दी दुचाकीची दिसते. त्यामुळे पत्रकावर मोटारीचं चित्र नको. ‘दीड किलोमीटरला स्टार्टर कशाला?’ एवढं लिहिलं तरी पुरे.

गाव आपल्या बाजूचं आहे. नदीकाठचा सपाट मुलूख, चढ नावाला. तीन किलोमीटर सायकलने निवांत गेलं तरी पंधरा मिनिटं लागतात, आणि तीन किलोमीटरच्या वर्तुळात विश्रामबागेतल्या माणसाची शाळा, क्लास, बँक, दवाखाना, भाजी असं बरंचसं येतं. सांगली ते मिरज मात्र वेगळी गोष्ट. तिथे नवशिक्याला सायकल सुचवू नका. ती फेरी बसची, शेअर रिक्षाची किंवा वडापची, म्हणजे सीटमागे भाडं घेणाऱ्या खासगी जीप-टमटमची.

आधी मोजणी

मोजल्याशिवाय काहीही सुरू करू नका, नाहीतर सहा महिन्यांनी हातात फक्त फोटो राहतील. पद्धत सोपी आहे. निवडलेल्या फेरीतली बहुतेक माणसं जिथून जातात असा एक नाका घ्या. वार मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार. वेळ सकाळी साडेसात ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. दोन माणसं, प्रत्येकाकडे एकच दिशा. कागदावर रकाने सहा: चालणारे, सायकल, दुचाकी, रिक्षा-वडाप, चारचाकी, बस. पंधरा-पंधरा मिनिटांचे वेगळे गट, आणि चार उभ्या काड्यांवर एक आडवी. शाळकरी मुलांची काडी वेगळ्या रंगाची.

यात चुका ठरलेल्या होतात. एकच माणूस दोन्ही दिशा मोजायला बसतो आणि दुचाकींचा लोंढा आला की अंदाजाने काड्या ओढतो. पहिली मोजणी परीक्षेच्या काळात आणि दुसरी सुट्टीत होते. किंवा एक गणेशोत्सवात आणि दुसरी ऐन ऊसतोडीत, मग आकडे कसेही हलतात आणि श्रेय आपण घेतो. तुलना करायची तर त्याच महिन्यात, त्याच वारी, तशाच हवामानात. कागदाच्या डोक्यावर तारीख आणि ‘ऊन, पाऊस, ढग’ यांपैकी एक लिहिलंच पाहिजे. मोबाईल एका जागी टेकवून पंधरा मिनिटांचं चित्रीकरण करून ठेवलं तर काड्या बरोबर पडल्या का तेही तपासता येतं.

सोबत पंचवीस-तीस घरांत आठवड्याची फेरी-नोंद करा. कुठे, किती वाजता, सोबत काय सामान, गाडी का काढली, एवढे चारच प्रश्न. हे घरातल्या कर्त्या पुरुषाला विचारलं तर तो ऑफिसची फेरी सांगतो आणि थांबतो. दूध, औषध, दळण, मुलांची ने-आण या फेऱ्या जो करतो, त्यालाच विचारायचं. ‘गाडी का काढली’ या रकान्यात पुढचं सगळं काम दडलेलं असतं. ‘क्लास सुटतो तेव्हा अंधार असतो’, ‘गटारावर फरशी नाही’, ‘सायकल पंक्चर आहे, पडून आहे’. पर्यावरणाचा शब्द त्यात सहसा सापडत नाही, आणि तुमच्या बोलण्यातही तो कमीच असू द्या.

पैशाचा हिशोब जपून मांडा

‘पेट्रोल वाचेल’ हा मुद्दा छोट्या फेरीत चालत नाही, आणि का ते समजून घ्या. स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर किलोमीटरला सव्वादोन-अडीच रुपये पडतात. दीड किलोमीटरची ये-जा म्हणजे सात रुपये. महिन्यातले सव्वीस दिवस धरले तरी १८० रुपयांच्या आसपास. एवढ्यासाठी कोणी सवय बदलत नाही, उलट हिशोब ऐकून हसतात.

पैसा वाचतो तो घरातली दुसरी किंवा तिसरी गाडी न घेण्यात. लाखाची स्कूटर पूर्ण कर्जावर तीन वर्षांत फेडायची म्हटली तर हप्ताच महिन्याला तीन हजारांवर जातो. वर विमा, सर्व्हिसिंग, टायर. म्हणून ज्यांच्याकडे आधीच दोन गाड्या आहेत त्यांच्यामागे वेळ घालवू नका. ज्या घरात ‘मुलगा दहावी झाला की त्याला गाडी’ असं बोलणं चाललंय, तिथे आत्ता जा. तिथे आणखी एक गोष्ट शांतपणे सांगायची: २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. सोळा ते अठरा वयात फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीची मुभा आहे, आणि बाजारातली नेहमीची स्कूटर ११० किंवा १२५ सीसीची. घाबरवायचं नाही, पण हे बहुतेक पालकांना माहीत नसतं.

क्लासची सायकल-टोळी

मुलांना एकेकटं पाठवायला आई-वडील तयार होत नाहीत. आठ-दहा मुलं एकत्र निघाली तर होतात. एका टोळीत आठ ते दहा मुलं, दोन मोठी माणसं, एक पुढे आणि एक सगळ्यात मागे. पुढचा माणूस वेग ठरवतो: ताशी आठ-दहा किलोमीटर, त्याहून जास्त नको, कारण शेवटचं मूल अंतर भरून काढायला जोरात पायडल मारतं आणि तिथेच पडतं. मागचा माणूस कोणालाही मागे सोडत नाही, पंक्चर झालं तरी. दोघांकडे एकमेकांचे आणि पालकांचे नंबर, आणि पालकांची लेखी संमती आधी घेतलेली.

रस्ता ठरवताना सरळ रस्ता नको, कमी गर्दीचा हवा. शंभर फुटी रस्ता किंवा सांगली-मिरज रस्ता ओलांडायचा असेल तर एकच जागा ठरवा, सगळ्यांनी उतरून, सायकल हातात धरून, एकदम ओलांडायचं. उजवीकडे वळायचं असेल तिथेही तेच. थांबे मिनिटासह ठरलेले: ‘दत्त मंदिरासमोर ५ वाजून १२ मिनिटं’. एक मिनिट थांबायचं आणि निघायचं. दया दाखवून पाच मिनिटं थांबलात की आठवड्यात सगळी टोळीच दहा मिनिटं उशिरा पोचायला लागते आणि क्लासचे सर तक्रार करतात. पहिलीच टोळी फुटते ती बहुतेकदा या एका कारणाने.

परतीची वेळ अवघड. क्लास आठला सुटतो, आणि मुलींच्या घरचे अंधाराचंच कारण देतात. ते खरंही असतं. त्या रस्त्यावर रात्री आठला चालत जा, प्रत्येक खांबाखाली आणि दोन खांबांच्या मध्ये उभं राहून वहीतलं अक्षर वाचता येतं का बघा. जिथे येत नाही, त्या जागांच्या जवळच्या खांबांचे क्रमांक लिहून घ्या. ‘आमच्या भागात अंधार आहे’ या अर्जाचं काही होत नाही. खांब क्रमांकासह यादी महापालिकेच्या विद्युत विभागाला दिली की वायरमनला नेमकं कुठे जायचं ते कळतं.

सुरुवातीचा मुहूर्त जूनचा. शाळा जूनच्या मध्यात उघडतात आणि वर्षभराची जाण्या-येण्याची पद्धत पहिल्या दोन आठवड्यांतच ठरून जाते. त्या काळात घरात जो उपाय चालला तो मार्चपर्यंत चालतो. म्हणजे मोजणी, पालकांच्या बैठका, रस्त्याची पाहणी हे सगळं एप्रिल-मेमध्ये उरकायचं. पाऊसही तेव्हाच सुरू होतो, म्हणून रेनकोट आणि दप्तराला प्लॅस्टिकचं आवरण हे पहिल्याच बैठकीत सांगायचं. छत्री धरून सायकल चालवायची नाही, हे मात्र ठणकावून.

जिन्याखालच्या सायकली

प्रत्येक अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या सायकली असतात. नव्या घ्यायला सांगण्याआधी त्या चालू करा. एका रविवारी सकाळी चार तासांत, दोन मिस्त्री आणि हाताखाली चार स्वयंसेवक असतील तर पंचवीस सायकली होतात, त्यापेक्षा जास्त नाव नोंदवून घेऊ नका. मिस्त्रींना दिवसाची मजुरी द्या. त्यांच्या पोटावर पाय देऊन ‘मोफत शिबिर’ भरवलं तर पुढच्या सोमवारी तुमच्या सायकलला हात लावायला कोणी राहणार नाही.

सामान: ब्रेकची रबरं वीस जोड्या, ब्रेक वायर दहा, वॉल ट्यूब (व्हॉल्व्हच्या नळीवर चढवायचं बारीक रबर) पन्नास तुकडे, सोल्यूशन आणि पॅच, पॉलिश पेपर, ग्रीस, शिलाई मशीनचं पातळ तेल, चेन तीन-चार, आणि ट्यूब तीन मापांत: लहान मुलांच्या २०, रेंजरच्या २६ बाय १.९५ आणि जुन्या काळ्या सायकलच्या २८ बाय दीड. कोणत्या मापाच्या किती आणायच्या ते नाव नोंदवतानाच टायरवरचा आकडा लिहून घेतला की कळतं.

साध्या व्हॉल्व्हच्या जुन्या सायकलींमध्ये ‘पंक्चर’ म्हणून पडलेल्या कितीतरी पंक्चर नसतातच. व्हॉल्व्हच्या नळीवरचं बारीक रबर वर्ष-दीड वर्षात कुजून चिरतं आणि हवा तिथून जाते. रिंग फिरवून नळी बाहेर काढायची, जुनं रबर नखाने सोलायचं, नवा तुकडा थुंकी किंवा पाणी लावून नळीच्या फुगीर भागापर्यंत चढवायचा, पुन्हा बसवायचं. काम दोन मिनिटांचं, खर्च नगण्य. पंक्चर खरंच असेल तर आधी टायरच्या आतून बोट फिरवा. बाभळीच्या काट्याचं टोक आतच राहिलं तर नवी ट्यूबही संध्याकाळपर्यंत बसते. ट्यूब घासून सोल्यूशन पातळ लावायचं आणि चार-पाच मिनिटं सुकू द्यायचं. ओल्यावर पॅच चिकटवतात म्हणून तो उन्हात सुटतो.

चेनला गाडीचं जुनं इंजिन ऑइल लावू नका, धूळ धरून आठवड्यात काळी पेस्ट होते. आणि प्रत्येक सायकल देताना सीट वर करून द्या: सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की गुडघा सरळ व्हायला हवा. ‘सायकलने गुडघे दुखतात’ म्हणणाऱ्या मोठ्या माणसांची सीट बहुतेक वेळा चार बोटं खाली असते.

बस आणि वडाप

आपल्याकडे शहरी बस एसटीच चालवते. लोक ती टाळतात याचं एक मोठं कारण असं, की थांब्यावर उभं राहिल्यावर बस पाच मिनिटांत येणार की पन्नास, हे कळत नाही. हे स्वयंसेवकांना सोडवता येतं. आगारातल्या वाहतूक नियंत्रकाकडून वेळा घ्या, मग तीन कामाचे दिवस थांब्यावर उभं राहून खऱ्या वेळा टिपा. दोन्हींत दहा मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल ती फेरी फलकावर लिहू नका. फलक दीड फूट बाय एक फुटाचा सनबोर्ड, वेळांचे आकडे दीड सेंटिमीटर उंचीचे, खाली ठळक अक्षरांत ‘तपासले’ आणि तारीख. लावायला परवानगी घ्या, आणि प्रत्येक फलक समोरच्या चहावाल्याच्या किंवा झेरॉक्सवाल्याच्या नावावर करा, म्हणजे फाटला की निरोप येतो. जुना चुकीचा फलक हा फलक नसण्यापेक्षा वाईट: एकदा फसलेला माणूस पुन्हा थांब्यावर येत नाही. सुट्ट्या लागल्या की शाळेच्या फेऱ्या बदलतात, तेव्हा मे आणि नोव्हेंबरात तपासणी ठरवूनच ठेवा. विद्यार्थ्यांच्या मासिक पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे, ही ओळ फलकावर जरूर असू द्या. बाकीच्या सवलती सेवेच्या प्रकाराप्रमाणे बदलतात, त्या आगाराच्या खिडकीवर विचारूनच लिहा.

वडापवाल्यांशी भांडण काढू नका. कोंबून भरतात हे खरं, पण बस नसते तेव्हा गावाला तेच नेतात. त्यांच्या स्टँडवर थांबण्याची जागा आणि भाडं नक्की झालं तरी प्रवाशाचं अर्धं काम होतं.

फूटपाथ आणि कागद

चालणाऱ्याची अडचण तक्रारीत नको, मोजमापात मांडा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘आयआरसी १०३’ या पादचारी सोयींच्या निकषांप्रमाणे फूटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, डोक्यावर मोकळी उंची २.२ मीटर आणि कडेची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. मोकळी म्हणजे डीपी (विजेची पेटी), खांब, झाड वगळून. टेप आडवा धरून, आकडा दिसेल असा फोटो काढा. आपल्याकडे सगळ्यात घातक असते ती गटारावरची तुटलेली फरशी, तिचं लांबी-रुंदीचं माप द्या.

एका अर्जात एकच जागा. दहा अडचणींचा एक अर्ज बांधकाम, विद्युत, आरोग्य अशा टेबलांवर फिरतो आणि कुठेच थांबत नाही. प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच घ्या. मोठ्या कामाची मागणी डिसेंबर-जानेवारीत पोचायला हवी, कारण महापालिकेचं अंदाजपत्रक त्यानंतर आकाराला येतं. मे महिन्यात गेलात की ‘तरतूद नाही’ हे उत्तर तयार असतं. उत्तरच आलं नाही तर माहिती अधिकार आहे: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, मुदत तीस दिवस. ‘काम का केलं नाही?’ असं विचारलं तर उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. ‘अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी’ असं मागितलं तर द्यावी लागते.

एका सकाळीपुरता मोकळा रस्ता

हे सगळ्यांना पहिल्यांदा करावंसं वाटतं आणि ते सगळ्यात शेवटी करावं असं माझं स्पष्ट मत आहे. कोलंबियातल्या बोगोटात १९७४ पासून रस्ते मोकळे ठेवण्याची प्रथा चालू आहे, पण तिची ताकद दर रविवारी होण्यात आहे. पुण्यात लक्ष्मी रोडवर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन होतो, त्यामागे महापालिकेची यंत्रणा उभी असते. बारा माणसांनी वर्षातून एकदा केलेला कार्यक्रम जत्रा होऊन संपतो. करायचाच तर तीनशे-चारशे मीटरची गल्ली, रविवारी सहा ते नऊ, महिन्यातून एकदा, सलग सहा महिने.

वाहतूक बंद करण्याचा आदेश पोलीस आणि जिल्हा प्रशासनाच्या पातळीवर निघतो, तेव्हा अर्ज किमान महिनाभर आधी द्या, वाहतूक शाखा आणि महापालिका दोन्हीकडे. मध्ये चार मीटरची पट्टी रुग्णवाहिकेसाठी मोकळी, मांडव-खांब काही नको. प्रत्येक बोळाच्या तोंडाशी एक माणूस. हमखास बिघडतं ते रात्री लावून ठेवलेल्या गाड्यांमुळे. पहाटे साडेपाचला मालक उठवून गाडी काढायला लावली की तो आयुष्यभराचा विरोधक. दोन दिवस आधी घरोघरी जाऊन गाडी कुठे लावायची ती जागा दाखवून यायचं.

दुकानदार म्हणतील, गिऱ्हाईक गाडीवरूनच येतं. वाद न घालता त्यांनाच शंभरात किती ते लिहून द्यायला सांगा आणि मग दोन तास गिऱ्हाइकांना विचारा. २००६ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला असं केलं तेव्हा दुकानदारांचा अंदाज ४१ टक्के गिऱ्हाईक मोटारीने येण्याचा होता, प्रत्यक्षात २२ टक्के निघालं. आपला आकडा वेगळा येईल, पण तो आपल्या पेठेतला असेल.

ऊसतोडीच्या दिवसांत

नोव्हेंबर ते मार्च सायकलवाल्यांना खरा धोका उसाच्या ट्रॉल्यांचा आणि बैलगाड्यांचा. संध्याकाळची टोळी या काळात जमल्यास साडेसहाच्या आत घरी, आणि क्लास आठलाच सुटत असेल तर कारखान्याच्या वाटेपासून पूर्ण लांबच्या रस्त्याने. त्याचबरोबर हंगामाच्या तोंडावर रिफ्लेक्टर पट्टी लावायची मोहीम घ्या. पट्टी ५० मिलिमीटर रुंदीची: मागे लाल, पुढे पांढरी, बाजूला पिवळी. आधी ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने फळी पुसायची, धुळीवर पट्टी दोन दिवसही टिकत नाही. मागची पट्टी ट्रॉलीच्या फळीवर वरच्या बाजूला लावली तर लोंबणाऱ्या उसात झाकून जाते, ती खालच्या कडेला लावायची. आणि उसाच्या शेंड्यांना बांधता येईल असा, दोरी ओवलेला, एक फुटी लाल रिफ्लेक्टरचा तुकडा चालकाच्या हातात वेगळा द्यायचा, कारण ऊस दोन-तीन फूट मागे आलेला असतो आणि मागून येणाऱ्याला फळी दिसायच्या आधी तोच लागतो.